वेशीवरची समाधी, पाच वीरगळ आणि तीन गोष्टी: फलकावर काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाच्या वेशीबाहेर एक जुनी दगडी समाधी आहे आणि तिच्या शेजारी पाच वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीला उभे केलेले कोरीव दगड. गावात कुणी म्हणतं हा शिवकाळातला सरदार, कुणी म्हणतं इथे एका गोसाव्याने समाधी घेतली, तर कुणी सांगतं की गुरं वाचवताना पडलेला हा गावचाच माणूस. तरुण मंडळाला तिथे चौथरा बांधून फलक लावायचाय, पैसे जमले तर पुढे पुतळाही बसवायचाय. मग खरी गोष्ट कोणती धरायची, फलकावर काय लिहायचं आणि अनावरण कोणत्या दिवशी करायचं?

तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, फक्त त्या एकाच दगडाच्या नसाव्यात. गावोगावच्या अशा जागा पाहताना हेच वारंवार दिसतं. एखादी जागा कित्येक शतकं वापरात राहते, प्रत्येक पिढी आपलं कुणीतरी तिथे ठेवून जाते आणि सांगणारा मात्र सगळं मिळून एकच गोष्ट सांगतो. त्यामुळे ‘खरी कोणती’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी कोणता दगड काय बोलतो ते बघा, मग कोणती गोष्ट कोण सांगतं ते बघा. फलक सगळ्यात शेवटी.

वीरगळापासून सुरुवात करा, कारण तो वाचता येतो. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर लढतोय किंवा पडलेला आहे. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, बहुतेक वेळा शेजारी पुजारी. माथ्यावर कलश, आणि बाजूंना चंद्र-सूर्य: जोवर हे दोघे आहेत तोवर याची कीर्ती राहील, एवढाच त्याचा अर्थ. माहितीचा खजिना खालच्या चौकटीत असतो. तिथे वीराच्या मागे गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन सोडवताना पडला. वाघ असेल तर शिकार किंवा गावावर आलेलं जनावर. घोडा असेल तर स्वार. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची रांग आहे, अख्खं समुद्रावरचं युद्ध दगडात उतरवलंय. बरेच अभ्यासक ते यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या लढाईशी जोडतात.

तुमच्या पाच वीरगळांत एकावर जरी गाई दिसल्या तरी तिसरी गोष्ट, म्हणजे गुरं वाचवणाऱ्या गावकऱ्याची, त्या दगडाची आहे हे जवळजवळ ठरलं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. आपल्याकडच्या बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही नसतं, म्हणजे नाव कळणार नाही. आणि महाराष्ट्रातले पुष्कळ वीरगळ शिलाहार-यादव काळातले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. नंतरही घडवले गेले, पण ती शैली ओळखू येते. म्हणजे ज्या दगडाला गाव ‘शिवाजी महाराजांचा सरदार’ म्हणतं तो महाराजांच्या जन्माआधी तीन-चारशे वर्षं तिथे उभा असू शकतो.

दगड वाचायला भर दुपारी जाऊ नका. दुपारच्या उन्हात वरून पडलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं. सकाळी सूर्य वर यायच्या आत जा, नाहीतर सरळ रात्री जा आणि बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून, एका बाजूने तिरकी धरा. दिवसा नुसता खडबडीत भाग वाटलेला कोपरा अचानक शिंगं, चार पाय, शेपूट दाखवू लागतो. मोबाइलवर त्याच उजेडात उजवीकडून, डावीकडून, खालून असे वेगवेगळे फोटो घ्या. फोटोत मोजपट्टी ठेवा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, रांगोळी, हळद काहीही चोळू नका. ठसा घ्यायचा असेल तर ज्याला ती कला येते त्यालाच बोलवा.

दगडांमध्ये एखादा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला, पंजा उघडा असलेला हात कोरलेला दिसला तर ती सतीशिळा. गावात तिची वेगळी गोष्ट असते. तिच्याबद्दल लिहिताना भाषा केवळ वर्णनाची ठेवा. १९८७ च्या सती प्रतिबंधक कायद्याने सतीच्या उदात्तीकरणाला बंदी आहे, त्यामुळे ‘महासतीचा जयजयकार’ छापाचा मजकूर फलकावर नको. आणि गाढव व स्त्री यांचं चित्र असलेला दगड निघाला तर लाजून तो उलटा करून ठेवू नका, असं पुष्कळ ठिकाणी झालंय. तो गद्धेगाळ आहे. दिलेलं दान मोडणाऱ्याला त्यावर शिवी कोरलेली असते आणि अनेकदा वर लेख असतो. अलिबागजवळचा अक्षीचा शिलालेख हा गद्धेगाळच आहे. त्यावरचा शक ९३४ असा वाचला तर तो इ. स. १०१२ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत गणला जाणारा.

आता समाधी. नुसत्या चौथऱ्यावरून फारसं ठरत नाही, पण वर काय आहे ते बघा. फक्त पादुकांची जोडी असेल तर बहुधा साधू-गोसाव्याची. समोर नंदी आणि वर लिंग असेल तर शैव किंवा लिंगायत परंपरेकडे बघावं लागेल. चौकोनी वृंदावन असेल तर उत्तर मराठेशाहीतल्या घराण्यांकडे. हे नियम नाहीत, पहिली दिशा दाखवण्यापुरते आहेत. दुसरी, गोसाव्याची गोष्ट इथेच कुठेतरी बसेल असा माझा अंदाज आहे.

मग सरदार कुठून आला? गोष्ट नेहमी आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या नावाकडे सरकते. कोणतंही लेणं पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं असतं आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धं राहिलेलं असतं. कोणतंही काळ्या दगडाचं देऊळ हेमाडपंतांनी बांधलेलं असतं. हेमाद्री पंडित हे तेराव्या शतकातले, यादव महादेव आणि रामचंद्र यांचे मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. ते हेमाद्रींच्या दोनशे वर्षं आधीचं. तरी लोक त्याला हेमाडपंतीच म्हणतात. तसंच सतराव्या शतकानंतर महाराष्ट्रात प्रत्येक निनावी वीर हळूहळू महाराजांच्या फौजेत भरती झाला. त्यात खोटेपणा नाही. निनावी माणसाला पुढच्या पिढीपर्यंत पोचवायचं तर त्याला ओळखीच्या नावाला बांधावं लागतं, आणि लोकांनी ते केलं.

मोठ्या जागाही याला अपवाद नाहीत. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले हे पक्कं आहे. घोरपडीच्या शेपटीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट आपल्यापर्यंत आणली ती पोवाड्याने. आणि त्या रात्रीवरूनच किल्ल्याचं नाव सिंहगड पडलं असं आपण शाळेत ऐकलं, तरी १६७० च्या आधीच्या पत्रांतही ते नाव येतं. रायगडची हिरकणी घ्या. दरवाजे बंद झाले, तान्ह्या बाळासाठी गवळण कडा उतरून गेली, महाराजांनी तिथे बुरूज बांधला. समकालीन कागदाचा आधार या गोष्टीला नाही. बुरूज आहे, नाव आहे, गोष्ट आहे. म्हणून हिरकणीला फलकावरून काढून टाकायचं का? माझं उत्तर ठाम ‘नाही’. दफ्तरात किल्लेदार येतो, सबनीस येतो, धान्याच्या कोठाराचा हिशेब येतो. सूर्यास्ताच्या तोफेवर ज्यांचा दिवस संपायचा, दूध-भाजी-मोळी घेऊन जे रोज गड चढायचे उतरायचे, ते दफ्तरात कधीच येत नाहीत. त्यांची आठवण ठेवायची सोय गोष्टीतच होती. फलकावर एवढंच म्हणायचं की ‘अशी कथा सांगितली जाते’, आणि मग ती पूर्ण, चवीने सांगायची.

उलट गोष्टीने जेव्हा कुणावर आळ येतो तेव्हा हात आखडता घ्यायचा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला ही गोष्ट आज लहान पोरही सांगतं. तसा खाडाखोड केलेला कागद मात्र आजवर कुणी समोर ठेवलेला नाही. अडीचशे वर्षं एका बाईच्या नावावर ते चिकटलं. तुमच्या गावातही सरदाराच्या गोष्टीचं शेपूट बहुधा फितुरीचं असेल: अमक्या घराण्याने वाट दाखवली, तमक्याने दरवाजा उघडला. त्या घराण्याची माणसं आजही गावात राहतात, त्यांची पोरं त्याच शाळेत जातात. हा भाग वहीत टिपा, दगडात कोरू नका. यावरून गावं दुभंगलेली पाहिली आहेत मी.

गोष्टी टिपायच्या कशा, यावर थोडं जास्त बोलते, कारण मंडळाची पोरं इथेच घाई करतात. पारावर जाऊन एका आजोबांना विचारतात, ‘आजोबा, हा शिवाजी महाराजांचा सरदार होता ना?’ आजोबा म्हणतात, ‘हो तर.’ संपलं संशोधन. प्रश्न उघडा ठेवा. ‘त्या दगडाला तुम्ही काय म्हणता?’ ‘लहानपणी तिथे जायची भीती वाटायची का, कुणी अडवायचं का?’ ‘ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?’ शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. ज्याने आजीकडून ऐकली आणि ज्याने परवा फोनवर आलेल्या मेसेजात वाचली, त्या दोघांच्या गोष्टी वेगळ्या कप्प्यात जायला हव्यात. टीव्हीवरच्या मालिका आल्यापासून गावातल्या जुन्या गोष्टींचे तपशील बदलताना दिसतात. दोन पिढ्यांपूर्वी नुसता ‘वीर’ असलेल्या माणसाला अचानक नाव, आडनाव, घोड्याचं नावसुद्धा मिळतं. इतका नेमका तपशील कानावर आला की त्याचा उगम आधी शोधा.

आवाज रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. मधे बोलू नका, दुरुस्ती करू नका. आजीबाई तानाजी आणि येसाजी यांची अदलाबदल करतील, करू द्या. कोणत्या वाक्याला त्या थांबतात, कोणतं वाक्य प्रत्येक वेळी शब्दशः तेच येतं, ते ऐका. शब्दशः येणारं वाक्य सहसा जुनं असतं, बऱ्याचदा ते ओवीचं किंवा पोवाड्याचं तुटलेलं कडवं असतं. बायकांशी वेगळं बोला, शक्यतो मंडळातल्या मुलींनी. जात्यावरच्या ओव्यांत गावाची देवस्थानं, समाध्या, वाटा भरलेल्या असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात अशा लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, त्या डोंगरातल्या साध्यासुध्या घरांतूनच. आणि गावठाणापुरतं थांबू नका. धनगरवाडा, रामोशीवाडा, लांबच्या वाड्या, सगळीकडे जा. एकाच दगडाला गावठाणात सरदार म्हणतात आणि वाडीवर तो गुरांचा रखवालदार असतो, असं चित्र मला नवं नाही. दक्षिण महाराष्ट्रात असाल तर वंशावळ सांगायला येणारे हेळवी कोणत्या घरी थांबतात ते विचारा. त्यांच्या वहीत किंवा पाठांतरात घराण्याच्या पिढ्या असतात.

एक जागा लोक हमखास विसरतात: मान. यात्रेला पहिला नारळ कुणाचा? शेंदूर कोणत्या घरातून येतो? पालखी त्या दगडापाशी थांबते का, आणि थांबल्यावर कोण पुढे होतो? गोष्ट तीस वर्षांत बदलते, मान सहजासहजी बदलत नाही, कारण त्यावर भांडणं होतात आणि भांडणांमुळे तो जपला जातो. समाधीचा मान ज्या भावकीकडे असेल तिच्याकडे जुने कागद असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कागद मागू नका, ‘बघायला मिळतील का’ असं विचारा, तिथेच फोटो घ्या आणि तिथेच परत द्या. जमिनीचे वाद असतात, माणसं धास्तावतात, आणि त्यांचं चुकतही नाही.

कागदांत काय बघायचं? जमीन. मेलेल्या शिपायाच्या कुटुंबाला मराठेशाहीत नेमणूक किंवा जमीन मिळायची, मुलांच्या संगोपनासाठी असेल तर तिला बालपरवेशी म्हणत. समाधीच्या दिवाबत्तीसाठी इनाम असेल तर त्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या इनामांच्या चौकशीतही आलेली असू शकते. शेताची जुनी नावं तलाठ्याकडे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी दोन्हीकडे मिळतात, ती जुळवून बघा. पुण्याला पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद सांभाळतंय. तिथे जाताना गावाचं नाव आणि आजचा तालुका एवढ्यावर जाऊ नका. जुनी तर्फ, परगणा, प्रांत कोणता ते शोधून जा, कारण कागद त्या हिशेबाने लावलेले असतात. बहुतेक मजकूर मोडीत असेल. मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या, किंवा मंडळातल्या एका-दोघांनी मोडीचा वर्ग करावा. लिपी कळायला वेळ लागत नाही, हात बसायला लागतो. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर जरूर बघा, पण त्यात मामलेदाराने ऐकून कळवलेलंही पुष्कळ आहे. गॅझेटियरमध्ये छापलं म्हणून गोष्टीचा इतिहास होत नाही. मात्र ती गोष्ट एकोणिसाव्या शतकात सांगितली जात होती एवढं पक्कं कळतं, आणि तेही काही कमी नाही.

सनांचा घोळ इथेच मिटवून टाकते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदललेलं असलं तर ७९. मराठी कागदांवर बऱ्याचदा शुहूर सन अरबी अंकशब्दांत असतो: ‘सबा सबैन अलफ’ म्हणजे सात, सत्तर, हजार, म्हणजे १०७७. त्यात ५९९ मिळवा, १६७६ येईल. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या इंग्रजी वर्षाचे पहिले महिने धरले तर ६०० मिळवा. कोरीव लेखात शकाबरोबर संवत्सराचं नावही असतं. ते साठ वर्षांच्या चक्रातलं असल्यामुळे पडताळ्याला फार कामाचं. शके १५९६ चा संवत्सर आनंद, राज्याभिषेकाचं वर्ष. लेखातला शक आणि संवत्सर जुळत नसतील तर बहुतेक वेळा आपण एखादा अंक चुकीचा वाचलेला असतो.

दगडाच्या बाबतीत मात्र मी कडक बोलणार आहे. ऑइलपेंट नाही. सिमेंट नाही. तारेचा ब्रश, ॲसिड, दाबाचं पाणी, काही नाही. मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेवढंच, आणि दगड भेगाळलेला असेल तर तेही नाही. सिमेंटातले क्षार दगडात उतरतात आणि काही पावसाळ्यांत कोरीव काम पापुद्र्यांनी गळू लागतं. पेंटमुळे आतला ओलावा कोंडला जातो. चौथरा बांधण्यासाठी वीरगळ उचलून एका ओळीत लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि सगळीकडे तो रंगीत चौथरा तसाच दिसतो. दगड कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, हीसुद्धा माहिती आहे. रस्ता रुंदीकरणात जात असेल तर हलवावाच लागेल, पण आधी जागेवर फोटो, मोजमाप, अक्षांश-रेखांश, आणि तहसीलदारांना व राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला पत्र. शेंदूर लावलेला दगड असेल तर तो पूजेतला देव आहे. म्हसोबा, भैरोबा, वाघोबा म्हणून पुजले जाणारे कितीतरी वीरगळ आहेत. शेंदूर खरवडायचा हक्क आपल्याला नाही. ज्या बाजूला शेंदूर नाही तिथून वाचा.

खणायचं अजिबात नाही. समाधीखाली सात रांजण मोहरा आहेत ही गोष्ट बहुतेक प्रत्येक समाधीला चिकटलेली असते, आणि तिच्यापायी राज्यभरात समाध्या रात्रीतून उकरल्या गेल्या आहेत. कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा १८७८ चा आहे, आजही लागू आहे. धनाची आणि भुयाराची गोष्ट वहीत घ्या, फलकावर चुकूनही नको. नुसत्या उल्लेखाने कुदळी घेऊन माणसं येतात.

परवानग्यांचं थोडक्यात: जवळपास केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधकाम नाही. राज्य संरक्षित जागांना १९६० चा कायदा. तुमची समाधी बहुधा कोणत्याच यादीत नसेल, तरी शंभर वर्षांहून जुनं शिल्प म्हणून ते पुरावशेषांत मोडतं, परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, आनंद आहे. पण वेशीवरच्या दगडांचा वाली गावच. पुतळ्याला तर ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, जागेची कागदपत्रं लागतात. माझं मत विचाराल तर पुतळा करूच नका. ज्याचा चेहरा कुणाला माहीत नाही त्याला चेहरा दिला की पुढची पिढी त्या चेहऱ्यालाच इतिहास समजते. मग तो चेहरा कुणासारखा, फेटा कोणत्या पद्धतीचा, तलवार कोणत्या हातात, यावरून वाद. तेवढ्या पैशात समाधीच्या भोवतीचं पाणी वाहून जाईल असा उतार करा, झाडाची मुळं शिरणार नाहीत ते बघा, आणि शाळेतल्या पोरांसाठी गोष्टींची पुस्तिका छापा.

फलक कसा असावा, याचा उत्तम नमुना रायगडावर आहे. जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर कोरलंय: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. गड बांधणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल एवढंच लिहिलं, तेही पाय पडेल अशा जागी. तिथेच भिंतीत संस्कृत शिलालेख आहे, त्यात विहिरी, तळी, बागा, वाडे यांची यादी आहे आणि शेवटी चंद्र-सूर्य असेतो टिको अशी इच्छा. लक्षात राहते ती पायरी. आपले फलक बरोबर उलटे असतात: वरती निधी कुणाचा, मग शुभहस्ते कोण, प्रमुख पाहुणे, सरपंच, उपसरपंच, सदस्य, ठेकेदार, आणि ज्याच्यासाठी हे सगळं त्याचं नाव शोधावं लागतं. देणगीदारांची नावं मागच्या बाजूला घ्या. कुणी रुसलं तर रुसू द्या.

मजकूर साधारण असा करता येईल: ‘येथे पाच वीरगळ व एक समाधी आहे. वीरगळांवर लेख नाही. एका वीरगळावर गाई कोरल्या असून तो गोधनाच्या रक्षणार्थ पडलेल्या वीराचा आहे. शैलीवरून हे दगड यादवकाळाच्या सुमाराचे असावेत. गावातील परंपरेनुसार समाधी एका गोसाव्याची आहे. काही जण ती शिवकाळातील सरदाराची असल्याचे सांगतात.’ खाली नोंदीचं वर्ष आणि ‘अधिक माहिती मिळाल्यास ग्रामपंचायतीत कळवावी’. गाई दिसल्या नाहीत तर ते वाक्य अर्थातच जाईल. ‘आहे’, ‘असावेत’ आणि ‘सांगतात’ या तीन क्रियापदांची जागा चुकू देऊ नका, सगळा प्रामाणिकपणा त्यांच्यात आहे. मंडळातलं कुणीतरी म्हणेल की ‘असावेत’ लिहिलं तर आपल्या वीराचा मान कमी होतो. त्याला सांगा की शिवाजी महाराजांची जन्मतारीखसुद्धा बदलली. शके १५४९ चा वैशाख धरला जात होता. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटना आणि तिथींची जुनी यादी, प्रसिद्ध केली आणि त्यातल्या शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेवरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली. त्याने महाराजांचं काही कमी झालं नाही.

फलक वीरगळाला किंवा समाधीला चिकटवू नका, खिळे मारू नका. चार पावलं बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, किंचित मागे कललेला. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो, पितळ चोरीला जातं. स्थानिक काळ्या दगडावर खोल कोरलेली, न रंगवलेली अक्षरं सगळ्यात टिकाऊ. कोरणाऱ्याच्या हाती देण्याआधी मजकूर गावाबाहेरच्या दोघांकडून वाचून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. दगडावर खोडरबर चालत नाही. क्यूआर कोड लावायचा तर लावा, पण मजकुराऐवजी नको, कारण तो ज्या पानावर नेतो ते पान चार वर्षांनी असेलच असं नाही. रेकॉर्डिंग, फोटो आणि वही यांच्या प्रती ग्रामपंचायत, शाळा आणि तालुक्याचं वाचनालय अशा तीन ठिकाणी ठेवा.

आता अनावरण. वीराची तिथी कुणालाच माहीत नाही, म्हणून १९ फेब्रुवारी किंवा १ मे ओढून आणू नका. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर निळे फलक लावायची योजना १८६६ पासून चालू आहे, आणि तिथे माणूस जाऊन किमान २० वर्षं झाल्याशिवाय फलक लागत नाही. आपल्या पुण्याच्या पेठांतही निळे फलक दिसतात. तुमच्या वीराला तर काही शतकं थांबावं लागलंय, तेव्हा आणखी एका यात्रेपर्यंत थांबायला हरकत नाही. गावच्या यात्रेला मुंबई-पुण्यात गेलेली माणसं आणि सासरी गेलेल्या मुली परत येतात. त्या दिवशी मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत छापून समाधीपाशी लावा, शेजारी पेन बांधून ठेवा, आणि कुणाची ओवी, कुणाचा कागद, कुणाची हरकत असेल ती लिहून घ्या. मानकऱ्यांना समोर बसवून एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्यातून जे बदल येतील ते करून दगड कोरायला द्या, आणि अनावरण पुढच्या वर्षीच्या यात्रेला ठेवा, पहिल्या नारळाचा मान ज्या घराचा आहे त्याच घराच्या हाताने.